लडकूमामांची मांडणी

मंगळवार. म्हशाच्या जत्रेला आठ दिवस. आजचं काम: गिरणीच्या दगडाला टाकी लावणं.

जत्रेच्या आधी दळणं वाढतात, म्हणून दगड खडबडीत करून घ्यायचा होता. छिन्नी घेऊन बसले आणि पावणेअकराला गिरणीबाहेरून लडकूमामा पळत गेले. सत्तरीचा माणूस, धोतराचा सोगा हातात, पायात एकच चप्पल. मी मान वर केली नाही. रोजचंच होतं.

आमच्या पाड्यामागच्या टेकडीत दगडाची खदान आहे. सकाळी अकराला आणि दुपारी चारला सुरुंग उडतात. त्याआधी भोंगा तीनदा वाजतो, तो माणसांनी आणि गुरांनी लांब जावं म्हणून. लडकूमामा मात्र जिथे असतील तिथून उलटे घरात पळतात, चुलीमागच्या भिंतीवर टांगलेल्या भांड्यांच्या मांडणीला दोन्ही हात पसरून मिठी मारतात, आणि डोळे मिटून उभे राहतात. सुरुंग उडतो, पत्रे थरथरतात, मामा पाचपर्यंत मोजतात, मग सोडतात. लग्नातून, मयतीतून, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीवरून अर्धी दाढी ठेवून ते असे पळालेले आहेत.

मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते. वरचा पितळी तांब्या सुटला आणि मामांच्या टकलावर पडला. मामांनी हात काढला नाही.

"मामा, भांडी खाली काढून ठेवा ना," मी म्हटलं. "हातानं धरून घर राहतं होय?"

"तुला नाय कलायचं गो," मामा टक्कल चोळत म्हणाले.

त्यांचा दुसरा नाद पट्ट्यांचा. दर दोन दिवसांनी ते वाडगा घेऊन गिरणीत येत.

"सुमन, पीठ झाडलंस का गो?"

खाली सांडलेलं, झाडून काढलेलं पीठ मी त्यांच्यासाठी डब्यात ठेवत असे. त्याची ते चुलीवर खळ शिजवत, वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या कापत आणि घराच्या भिंतींना गेलेल्या प्रत्येक भेगेवर आडवी पट्टी चिकटवत. पट्टीवर तारीख. भिंत हलली की पट्टी फाटते, अशी ही विद्या. तरुणपणी मुरबाडच्या बाजूला एका पुलाच्या कामावर मामा मजुरीला होते. पुलाच्या एका खांबाला भेग गेली तेव्हा इंजिनियरने तिच्यावर अशा पट्ट्या लावल्या होत्या, ते मामांनी डोळ्यांनी बघितलेलं. घराला तेवीस ठिकाणी पट्ट्या. ओटीवर बसलं की मागे राशिभविष्य, समोर क्रिकेट, दाराच्या वर निधनवार्ता.

कुणी काहीही विचारलं तरी मामांचं उत्तर ठरलेलं. "माला काय इचारतो? पट्टी सांगल."

पाऊस कसा होईल? पट्टी सांगल. सरपंच कोण होईल? पट्टी सांगल. पोरं हसायची. मामांना मूलबाळ नाही, अनसूयामामी तीन वर्षांपूर्वी गेल्या, त्यामुळे हसणाऱ्यांना दटावायलाही घरात कुणी नव्हतं.

हे सगळं करमणुकीचं होतं, पण खदानीच्या शेठने ती वाढवायला मागितली तिथपर्यंतच.

शेठची आधीची खदान टेकडीपलीकडे होती. ती संपली की खड्डा भरून, माती टाकून झाडं लावायची, असं परवान्यात लिहिलं होतं. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे, कागद मी वाचलाय. ग्रामसभेत मी विचारलं, खड्डा भरला का? मामा मागून उठून म्हणाले, "भरलाय की. काठोकाठ भरलाय. पान्यानं." सभा हसली. शेठचा मॅनेजरही हसला. मग दोन वर्षांपूर्वी अलीकडच्या बाजूला नवा परवाना झाला, आणि आता त्याची वाढ हवी होती. वाढीव जागेची खूण म्हणून चुन्याची रेघ मारली, ती मामांच्या परसाला लागूनच गेली. तिथे सुरुंग लागला तर मामांचं घर एक पावसाळा काढणार नाही, हे सांगायला इंजिनियर नको.

घरांना धोका असेल तर वाढ देता येत नाही, अशी अट नव्या परवान्यात आहे. मी तालुक्याला अर्ज केला. बुधवारी पाहणी ठरली.

मंगळवारी दुपारी माझा दीर रमेश आला. तो शेठच्या डंपरवर आहे. पाड्यातली निम्मी घरं खदानीवर जगतात, हे मी विसरलेली नाही.

"वयनी, शेठ मामांचं अख्खं घर सिमेंटनं प्लास्टर करून देतोय. फुकट. उद्याच्याला सकाळी लवकर मानसं येतील. तुमी जरा समजवा ना मामांना."

"पाहणीच्या आधी?"

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. "माज्यावर आलीय वयनी. मॅनेजर बोलला, तुज्या घरातनं अर्ज जातो कसा?"

मी रमेशला चहा दिला आणि मामांकडे गेले. समजवायला नव्हे, सावध करायला. मामांनी आधीच नकार दिला होता. ओटीवर नव्या पट्ट्या कापत बसले होते.

"शिमिट माज्या भिंतीला नाय लागायचं. सायबांना येव दे. पट्टी सांगल."

मला पहिल्यांदाच त्या वाक्याचा आधार वाटला. अर्जात मी तसं लिहिलंही होतं, की घरमालकाने दोन वर्षं भेगांवर तारखेच्या पट्ट्या लावलेल्या आहेत. उठताना माझं लक्ष चुलीमागच्या भिंतीकडे गेलं. मांडणीच्या मागे वरपासून खालपर्यंत गोधडी टांगलेली होती.

"इथे पट्टी नाही?"

"नाय."

"गोधडी कशाला?"

"वारा येतो."

भिंतीतून वारा येतो, असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घातला नाही. दगड अर्धा राहिला होता.

बुधवारी दुपारी बारा वाजता तालुक्याच्या मॅडम आल्या. तिशीतल्या, हातात टेप, स्वभावाने तोलूनमापून बोलणाऱ्या. सोबत शेठचा मॅनेजर, त्याच्यामागे रमेश, आणि ओटीखाली अर्धा पाडा. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं.

मॅडमनी पहिली पट्टी बघितली. दुसरी बघितली. तेवीसच्या तेवीस बघितल्या, आणि मला जवळ बोलावलं.

"ताई, पट्टी फाटली तर भिंत हलली, असंच ना?"

"हो."

"मग यातली एकही फाटलेली नाही."

मी बघितलं. खरंच. राशिभविष्य धड, क्रिकेट धड.

"मामा, फाटलेल्या पट्ट्या कुठे आहेत?"

"फाटली की मी बदलतो ना लगेच," मामा अभिमानाने म्हणाले. "फाटका कागद भितीवर बरा दिसतो का?"

"आणि फाटलेल्या?"

"चुलीत."

पुलावर पट्ट्या चिकटवताना मामांनी बघितलं होतं. फाटल्यावर तशाच ठेवायच्या असतात, हे बघायला ते थांबले नव्हते. भातकापणी आली म्हणून काम सोडून आले होते. दोन वर्षं दर दोन दिवसांनी ते गिरणीत पीठ मागायला आले. रोज पट्ट्या फाटत होत्या म्हणूनच येत होते. मीही कधी विचारलं नाही, एवढी खळ लागते कशाला? पुरावा माझ्याच पिठाने पुसला जात होता.

मॅनेजर मोठ्याने हसला. "मॅडम, या पट्ट्या तर शेठच्या बाजूच्या साक्षीदार झाल्या. सगळ्याच्या सगळ्या ताज्या तारखेच्या, एकदम धडधाकट."

मॅडम हसल्या नाहीत, पण टेप गुंडाळायला लागल्या. "भेगा आहेत, ते मी लिहीन. पण भेगा जुन्या घराला असतातच. खदानीमुळे भिंत हलली, हे कशावरून म्हणायचं?"

मी गोधडीकडे बोट दाखवलं. "ती भिंत बघायची राहिलीय."

मामा झटकन मध्ये आले. "तिकडं नाय."

"मामा, घर जाईल."

"जाव दे. तिकडं नाय जायचं कुनी."

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मॅडमनी बॅगेची चेन ओढली. तेवढ्यात मॅनेजर, जिंकल्यावर गप्प बसवत नाही त्या चुकीने, म्हणाला, "अहो राहू द्या. लपवायला कायतरी असेल. कच्चं बांधकाम, आधीपासूनच पडकी भिंत असणार."

"पडकी?" मामा वळले. "पडकी कुनाला बोलतोस रे? तिच्या हातची भित पडकी?"

आणि ते मांडणीवरची भांडी काढायला लागले. एकेक. पितळी तांब्या, तीन ताटं, कपबश्या, पोहे ठेवायचा डबा. मदतीला गेलेल्या रमेशला त्यांनी कोपराने बाजूला सारलं. पंधरा-वीस भांडी जमिनीवर आली, मग मांडणी खिळ्यावरून उतरली, मग गोधडी.

कच्च्या विटांची साधी भिंत. शेणमातीने सारवलेली. ओल्या सारवणावर पाची बोटं फिरवून काढलेल्या कमानी, एकीला लागून एक, छतापासून खालपर्यंत. सारवणं आम्ही सगळ्याच बायका करायचो, पण अनसूयामामींची कमान ओळखू यायची. रुंद, आणि शेवटी जराशी वर उचललेली.

त्या कमानींच्या मधून भेग गेली होती. डावीकडून आलेली पाच बोटं भेगेपाशी संपत होती. भेगेच्या पलीकडे तीच पाच बोटं करंगळीभर खालून पुन्हा सुरू होत होती. भेगेच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, दोन तळहातांएवढ्या जागा गुळगुळीत झाल्या होत्या.

मी त्या जागांकडे बघितलं, मग खाली ठेवलेल्या मांडणीच्या फळ्यांमधल्या मोकळ्या जागेकडे. मामा दोन वर्षं भांडी धरतच नव्हते, गोधडीआडची भिंत धरत होते.

मॅडमनी बॅग उघडली. टेप लावून एकेका बोटाची रेघ मोजली. "एका हाताची एक रेघ आहे ही. ओली असताना अशी तुटत नाही, म्हणजे भिंत सारवल्यानंतर हललीय. हे सारवण कधीचं?"

"ती होती तवाचं," मामा म्हणाले.

"म्हणजे कधी?"

मामा गोधडी उचलून घडी घालायला लागले. मी सांगितलं, "तीन वर्षं. दिवाळीच्या आधी सारवलं, मामी माघात गेल्या. नवा परवाना त्यानंतरचा. मी साक्ष देते."

"मीपन," मागून रमेश म्हणाला. मॅनेजरने त्याच्याकडे बघितलं. रमेशने जमिनीकडे बघितलं, पण शब्द मागे घेतला नाही. "मामींना माती मीच आनून दिली व्हती."

मॅडमनी फोटो काढले, पंचनामा लिहिला. अहवाल जाऊन निर्णय होईपर्यंत वाढीव जागेत पहार लावायची नाही, असं मॅनेजरला तोंडावर सांगितलं. चालू खदानीत सुरुंग मात्र परवान्याप्रमाणे उडत राहतील. तेवढा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "मामा, सगळ्या घराला पट्ट्या, मग इथेच का नाही लावली?"

"खल लागली की सारवन निंगतं गो," मामा भांडी पुसत म्हणाले.

मी घरी आले. रमेशला दुसऱ्या दिवशी डंपरवर घेतात की नाही, याच्यावर आमच्याकडे बरीच बोलाचाली झाली.

गुरुवारी सकाळी गिरणीत दळणाचे अकरा डबे रांगेत होते. साडेदहाला मी पट्टा उतरवला. बायका ओरडल्या. "अर्ध्या तासात येते," म्हटलं आणि शटर ओढलं.

मामांनी मांडणी पलीकडच्या भिंतीला टांगली होती. गोधडी घडी करून ठेवली होती. पहिला भोंगा झाला तसे ते भेगेच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी उजव्या बाजूला गेले. हाताने धरून भिंत राहत नाही, हे मला परवा माहीत होतं तेवढंच आजही माहीत होतं.

मी तळहात टेकवला.

"जरा खाली गो," मामा डोळे मिटूनच म्हणाले. "तिथं तिची बांगडी घासलीय."

मी हात खाली घेतला. तिसरा भोंगा वाजला.