बशीरचाचांची अकराची शिट्टी

सकाळचे अकरा वाजले की ईट गावातल्या आमच्या गल्लीत शिट्टी वाजते. कुकरची नव्हे, बशीरचाचांची.

"चला, सूरज ड्यूटीवर हाय! मोटारी लावा, धुणं टाका, दळणं आणा!"

बशीरचाचा म्हणजे रिटायर लाइनमन. उभी हयात खांबावर गेली. आता गुडघे खांबावर चढू देत नाहीत, म्हणून आमच्या डोक्यावर चढून बसलेत. माझी पिठाची गिरणी. गल्लीत सगळ्यात जास्त वीज मी ओढते, तेव्हा सगळ्यात जास्त बोलणीही मीच खाते.

हे सगळं स्मार्ट मीटर आल्यापासूनचं. अर्ध्या-अर्ध्या तासाला घरात किती वीज जळली, ते फोनवर रेघेनं दिसतं. गल्लीत निम्म्यांना ते ॲप काही जमेना. मग चाचांनी हौसेनं अकराही घरांचे मीटर आपल्याच फोनात घेतले. आम्हीही "बरं झालं बाई, कटकट गेली" म्हणून मोकळ्या झालो.

कटकट कुठली जाते! दुसऱ्याच दिवशी चाचा गिरणीच्या दारात हजर.

"बेटी, दुपारी माळावरच्या सोलरची वीज लई आसती. कुनी वापरली न्हाय तर वाया जाती. आन् तू सकाळी आठाला थोडं दळतीस आन् बाकीचं समदं संध्याकाळी सातला. तवा तुझ्यापायी तिकडं कोळसा जळतो. हवा कशी तापलीय, बघतीस न्हवं?"

"चाचा, जास्त गिऱ्हाईक संध्याकाळीच येतं. मी काय करू?"

"गिऱ्हाइकाला समजाव ना बाबा! वीज समद्यांची हाय."

त्यांचं खरं होतं, हेच तर दुखणं. म्हणून आम्ही मनावर घेतलं. इतकं मनावर घेतलं, की एका मंगळवारी शिट्टी वाजली आणि अकरा घरांच्या मोटारी, इस्त्र्या, वॉशिंग मशिनी आणि माझी गिरणी, सगळं एका दमात सुरू झालं. खांबावरच्या डीपीचा फ्यूज धाडकन उडाला. दुपारभर सगळी गल्ली पदरानं वारा घेत बसली. चाचा डीपीखाली उभे राहून वर बघत होते. "चूक माझी हाय," म्हणाले. "म्या समद्यांना एकच टाइम दिला." दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या आणि एकाच्या दोन शिट्ट्या झाल्या.

इथवर ठीक होतं. पण मीटर म्हणजे चहाडखोर जात. समोरच्या कमलमावशी उन्हाळ्यात "लेकीकडं चाललेय" म्हणून सांगून माझ्या पापडाला आल्या नाहीत. पत्र्याच्या शेडखाली आम्ही सहाजणी पापडाआधी भाजून निघालो. आठवड्यानं मावशी दळण घेऊन आल्या. गिरणीत ही गर्दी! आणि चाचांनी अगदी काळजीनं विचारलं, "कमलबाई, तुमी घरी न्हवता, तर दुपारी दोन ते चार कूलर कुनी चालवला? चोर तर शिरला न्हवता?"

मी हसले. खोटं कशाला बोलू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण घरी आल्यावर वाटलं, आज मावशींचा कूलर दिसला, उद्या माझ्या घराला कुलूप आहे हेही असंच चारचौघांत जाहीर व्हायचं. मावशींनी तर गल्लीच गोळा केली. "आमी कवा उठतो, कवा निजतो, ते त्या म्हाताऱ्याला कशाला? काढा समद्यांचे मीटर त्याच्या फोनातनं!" ठरलं. आणि मला फोन जमतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं.

गेले. चाचा ओट्यावर एकटेच बसले होते. वाटलं, भांडतील. त्यांनी सरळ फोन माझ्या हातात दिला.

"चुकलंच माझं, बेटी. खांबावरनं दिसलेलं खाली उतरून सांगायचं नसतं. सारी नोकरी हे पाळलं. म्हातारपणी जीभ सुटली."

मी एकेक घर काढत गेले. चाचा शेजारून बघत होते. "हा दत्ताचा. सुनेला बाळ झाल्यापासनं त्यांच्याकडं लवकर पाणी तापतं." तेही काढलं. शेवटी माझाच मीटर उरला. त्यावर बोट ठेवलं, तसे म्हणाले, "तुझा तेवढा राहू दे की."

"का हो, चाचा?"

"सकाळी आठाला तुझी गिरणी सुरू झाली, की रेघ वर चढती. कुनीतरी कामाला लागलं म्हणून मग म्याबी उठतो. सोमवारी तुझी गिरणी बंद. त्या दिवशी उठावंच वाटत न्हाय."

मी उगाच स्क्रीन खाली सरकवली. तिथं त्यांचा स्वतःचा मीटर होता. रेघ जवळजवळ सपाट.

"चाचा, फ्रिजसुद्धा नाही का तुमच्याकडं?"

"हाय की. बानू गेली तवाच बंद केला. पोरगं पुण्याला. एकट्याचं काय गार ठिवायचं?"

बानू म्हणजे चाची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. भिंतीला भिंत लागून घर आमचं, आणि मला हे आज कळत होतं. माझा मीटर तसाच ठेवला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

सोमवार आला. आठ वाजता मी घरची पायलीभर ज्वारी घेतली, कुलूप काढलं आणि गिरणी सुरू केली. ज्वारीची तशी काही घाई नव्हती.