दोन किलोची कोंबडी

रविवारी सकाळी साहेबांचा फोन उचलू नये. उचललाच तर बोलावं, पण बोलता बोलता पोपटाच्या पिंजऱ्याचं दार उघडू नये. मी दोन्ही केलं, आणि त्यातून पुढचं सगळं झालं.

मी पंजाबराव. राहणार मेडशी, नोकरी वनखात्यात, पद वरिष्ठ लिपिक. (वरिष्ठ हे केसांवरून.) आणि आमच्या घरी पोपट होता. वनखात्याच्या लिपिकाकडे पोपट म्हणजे दारूबंदीच्या निरीक्षकाकडे हातभट्टी! पोपट पाळणं गुन्हा आहे हे गावात कुणाला ठाऊक नसलं, तरी मला कलमासकट पाठ आहे.

आठ वर्षांपूर्वी वादळात एक बाभूळ पडली. तिच्या ढोलीतलं पिल्लू आमच्या मंडळींनी, म्हणजे भागिरथानं, पदरात घालून घरी आणलं.

"ऑफिसात जमा करू," मी म्हटलं.

"उडाले लागला का सोडून देऊ," ती म्हणाली.

मोडलेला पंख वाकडाच जुळला. तो काही उडाला नाही, आणि ऑफिसात कळवायचं मी रोज उद्यावर ढकललं. त्याचं नाव दामू. भागिरथा जेवायला बसली की तो तिच्या खांद्यावर, निजली की उशाशी. मला तो माणसात धरत नसे, मात्र माझी नक्कल हुबेहूब करायचा. माझा खोकला खोकायचा, आणि माझ्याच आवाजात ओरडायचा, "भागिरथा, चहा!" त्या हाकेवर तिनं आठ वर्षांत किती कप चहा फुकट केला असेल, देव जाणे.

तर जून महिना, पेरणी तोंडावर. घरचंच सोयाबीनचं बियाणं होतं. त्याला बुरशीचं आणि किडीचं औषध चोळायचं आणि सावलीत वाळवायचं. आमच्या घरात सावली म्हणजे पडवी, आणि पडवीतच दामूचा पिंजरा. मी हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून दाणे चोळले आणि ताडपत्रीवर पसरले. गुलाबी गुलाबी दाणे, लग्नातल्या बुंदीसारखे दिसत होते.

भागिरथा विहारात वंदनेला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "दामूले भाईर काढू नका. त्या बियाजवळ तं मुळीच नाई."

"मी काय लहान पोरगा आहो काय?"

तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गेली.

पाच मिनिटांनी साहेबांचा फोन. कुठलीशी फाईल सापडत नव्हती. मी 'सर, सर' करतोय तोच मागून आवाज, "भागिरथा, चहा!"

"पंजाबराव, तुम्ही मला चहा मागताय?"

"नाही सर, साळे आलेत."

"भागिरथा, चहा!"

"तुमचे साळे बहिणीला नावानं हाक मारून चहा मागतात? तेही तुमच्या आवाजात?"

दामू बाहेर काढला की गप्प बसतो. मी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि फोन घेऊन परसात गेलो. फाईल वीस मिनिटांनी सापडली. (साहेबांच्याच टेबलावर.) परत येऊन पाहतो तर दामू ताडपत्रीच्या मधोमध बसलेला. चोच गुलाबी, भोवती टरफलं, आणि पंगतीत बसल्यासारखं एकचित्तानं खाणं चाललेलं.

अशा वेळी शहाणा माणूस काय करील ते मला माहीत नाही. मी आधी टरफलं झाडली. मग त्याची चोच ओल्या फडक्यानं पुसली. मग विषावर दूध चांगलं असं कुणीतरी, कधीतरी सांगितलेलं आठवलं, म्हणून चमच्यानं दूध ओतलं. निम्मं भलतीकडेच गेलं. तो खोकला. अगदी माझ्यासारखा खोकला.

भागिरथा आली तेव्हा तो पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाला बसला होता.

"याले काय झालं?"

"ऊन लागलं असंल."

"पडवीत ऊन?" तिनं ताडपत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती खाल्ले?"

"चार-पाच दाने."

"खरं सांगा."

"मूठभर नसंल."

"डॉक्टरीनबाईले फोन लावा."

मालेगावच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर निता मॅडमनी आमची शेळी बरी केली होती, त्यामुळे नंबर होता. त्यामुळेच माझं खातंही त्यांना माहीत होतं. फोन लागला, आणि माझी जीभ आपोआप वळली.

"मॅडम, आमच्या कोंबडीनं औषध लावलेलं सोयाबीन खाल्लं."

"किती वेळ झाला? पाकीट समोर आहे? वाचून दाखवा." मी वाचून दाखवलं. "वजन किती?"

"असंल दोन किलो."

भागिरथानं कपाळावर हात मारला.

"मनानं काही पाजलं तर नाही ना?"

"नाही नाही." (दूध काय मोजायचं!)

"मेडिकलमधून कोळशाच्या गोळ्या आणा. पूड करून दोन किलोला सांगते तेवढीच, पाण्यातून, थेंब थेंब. उबेत ठेवा. पण खरं म्हणजे इथंच घेऊन या, मी दवाखाना उघडते."

"गाडी नाही मॅडम," मी मोटारसायकलच्या सीटवर बसून म्हणालो.

गोळ्या आणल्या. किराणावाल्याचा तराजू मागून आणला. दामू भरला सव्वाशे ग्रॅम. आता दोन किलोला अमुक पूड, तर सव्वाशे ग्रॅमला किती? मी वहीच्या पानावर तीन वेळा त्रैराशिक मांडलं. तीन वेगवेगळी उत्तरं आली. एका उत्तरानं तो वाचला असता, एकानं मेला असता, आणि कोणतं कुठलं हे मला कळेना.

"त्याइले खरं सांगा ना," भागिरथा म्हणाली.

"नोकरी जाईन. पेन्शनले चार वर्सं राह्यली."

"याचे चार तास तरी राह्यले का, ते पाहा."

मी चौथं त्रैराशिक मांडायला घेतलं. तिनं दामूला टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. रविवारी त्या वेळेला एसटी नसते, हे तिलाही ठाऊक होतं. तिची पाठ पाहिली आणि मी फोन लावला.

"मॅडम, कोंबडी नोहे ते. पोपट हाये."

"कोंबडी नाही हे मी ओळखलंच होतं," त्या म्हणाल्या. "विष खाल्लेल्या कोंबडीचे फोन मला दरवर्षी येतात, पंजाबराव. सगळे एकच विचारतात, कापून खाल्ली तर चालेल का? रडवेल्या आवाजात बोलणारे तुम्ही पहिलेच. पण तुम्ही दोन किलो म्हणालात, वनखात्यातले, मला वाटलं मोराचं पिल्लू असेल! काही पाजलं का? आता खरं बोला."

"दूध."

पलीकडे किल्ल्या वाजल्या. "निघा लवकर," त्या म्हणाल्या.

थांब्यावरून भागिरथाला मागे बसवलं. अर्ध्या तासाचा रस्ता. गतिरोधक आला की मी सवयीनं गाडी हळू करायचो, आणि मागून ती ओरडायची, "उडवा नं गाडी!" दामू चहा मागत नव्हता. तो मागावा म्हणून मी वाटेत दोनदा मुद्दाम खोकून पाहिलं.

डॉक्टरबाईंनी हातातला चहा तसाच ठेवून त्याला टेबलावर घेतलं. नळी, दिव्याची ऊब, सुई. सगळं केलं. मध्येच रजिस्टर ओढून म्हणाल्या, "मालकाचं नाव?"

भागिरथानं माझ्याकडे पाहिलं. मी पूर्ण नाव सांगितलं, पद सांगितलं, खातं सांगितलं. आवाज जराही कापला नाही. फक्त या धैर्याला पाऊण तास उशीर झाला होता.

सव्वा वाजता दामू गेला.

"दूध छातीत गेलं," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "आणि उशीर. मला हे तुमच्या खात्याला कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हटलं. मग मी तिथंच बाकावर बसून रडलो. म्हैस घेऊन आलेला एक माणूस आधी बघत राहिला, नंतर त्यानं तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. पोपट माझा नव्हता, तिचा होता, आणि मी त्याला माझ्या पेन्शनच्या बदल्यात दिला.

आता आमच्या कार्यालयात कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा कोण करतं? मी करतो. साहेब म्हणाले, नियमाला अपवाद नको. मग मीच मला कळवलं, की आपणाकडून सदर पक्ष्याबाबत अनवधानाने कसूर झाल्याचे निदर्शनास आले आहे. मसुदा परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'भाषा मवाळ. कडक करा.' दुसरा केला, तोही परत आला. तिसरा घरी नेला.

भागिरथा चार दिवस 'जेवा' एवढंच बोलत होती. कागद पाहून ती समोर बसली.

"लिवा," म्हणाली. "पाखरू मरून राह्यलं होतं, अन् तुमी गनित मांडून राह्यले होते. चोच पुसली ते त्याच्यासाठी नाई, सोतासाठी पुसली. गाडी दारात होती, अन् नाई म्हनून सांगतलं. सव्वाशे गिरामच्या जिवाले दोन किलोची कोंबडी केलं, काहून? तं आपली खुर्ची वाचावी म्हनून."

मी खाली मान घालून लिहीत गेलो, जागोजागी 'सदरहू' आणि 'उपरोक्त' घालत. ती एकदाही अडली नाही. एकदाही रडली नाही.

साहेबांनी सकाळी तो मसुदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला आणि सही केली.

"पंजाबराव, तुमचा एकही मसुदा मी आजवर दुरुस्तीशिवाय सोडलेला नाही. याच्यात एक शब्द हलवता येत नाही."

खुलासा सात दिवसांत द्यायचा आहे. मी भागिरथाला विचारलं, एवढाही सांगशील का?

"तो तुमचा तुमी लिवा," ती म्हणाली.

आज सहावा दिवस. 'महोदय'पर्यंत लिहून झालं आहे.