वाढायला दोघीच

विमान कंपनीच्या साहेबांना मी गप्प करणार होते. तसा मी शहजादीला शब्दच दिला होता!

त्र्याण्णव साली आमची छोटी विमान कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि नवे नियम आले. पूर्वी एका विमानात आम्ही तिघी हवाईसुंदरी असायचो, आता दोघीच. आमची ज्येष्ठताही विलीनीकरणाच्या दिवसापासून मोजणार, म्हणजे जुन्या नोकरीला शून्य! तिसरीची गरज नाही म्हणून माझी मैत्रीण शहजादी घरी बसली. सोमवारच्या बैठकीत तिच्या बाजूने मी बोलणार होते. अठ्ठेचाळीस प्रवाशांना दोघींनी वाढणं अशक्य आहे, हे मला सिद्ध करायचं होतं.

त्याआधी नानांचं, माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध होतं. मी जळगावला मेहरूणमधल्या घरी आले. नाना पंगतीतले नावाजलेले वाढपी. वरणाची बादली घेऊन असे चालत, की बादलीलाच पाय फुटलेत असं वाटे! हलत्या विमानात तोल सांभाळायला मला त्यांनीच शिकवलं, तेही जन्मात विमानात न बसता.

नाना गेल्यावर आमच्या घरातही एक विलीनीकरण झालं होतं. वर्षानुवर्षं अबोला धरलेले जळगावचे आणि धुळ्याचे भाऊबंद एक झाले. वाढपी भाऊबंदांतलेच असतात. जळगावकरांना वाटलं, धुळेकर वाढतील. धुळेकरांना वाटलं, जळगावकर वाढतील. परिणामी सगळे पुरुष मानाने पंगतीत बसले. पत्रावळी मांडल्या, बट्ट्या तयार, आणि उभं कोणीच नाही! आधी उठेल त्याला कमीपणा.

"आते काय करानं?" धुळ्याचे चुडामणकाका हळूच म्हणाले.

"मी आहे ना!" मी पदर खोचला. दुसरी बादली आईने उचलली.

सवय वाईट. मी पहिल्याच पानापुढे वाकून विचारलं, "आपण काय घेणार? बट्टी की भात?"

"दोन्ही!" उखर्डूआबा म्हणाले. "आनि हाई इचारानी गोष्ट शे का?"

मी ओठांवर नेहमीचं हसू आणलं. लगेच मंजुळाआत्या कडाडल्या, "अगं, बापाचं वर्षश्राद्ध आहे! हसतेस काय?"

हसू आवरलं, तर चेहऱ्याचं काय करायचं ते सुचेना. डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच वरण उखर्डूआबांच्या पत्रावळीऐवजी त्यांच्या धोतरावर! आबा उठले, त्यांना पुसायला चौघे उठले, आणि मग सगळ्यांनाच लाज वाटली. पहिल्या पंगतीने कसंबसं जेवण उरकून बायकामुलांच्या दुसऱ्या पंगतीला वाढायला घेतलं.

वरण सांडल्यापासूनचं हे सगळं होत असताना चुडामणकाका तिथे नव्हते. शेजारच्या नासीरभाईंच्या सायकल दुकानात माझ्यासाठी फोन आला होता. मला वेळ नाही म्हणून काकाच धावले. परतले ते छाती फुगवून!

"तुन्हा साहेबना फोन व्हता. सोमवारनी आठवन द्यासाठे. मी बठ्ठं सांगी टाकं!"

"सगळं म्हणजे काय सांगितलंत?"

"आमनी पोर एकटी शंभर लोकस्ले वाढस!"

माझ्या हातातली पळी हवेतच राहिली.

सोमवारी साहेबांनी मला माझा मुद्द्यांचा कागद उघडूसुद्धा दिला नाही. "शंभर माणसं एकटीने? मग अठ्ठेचाळीसांना दोघी म्हणजे चैनच की!"

मी हरणार नव्हते. "साहेब, काकांनी अर्धंच सांगितलं. पहिली पंगत जेवून उठली आणि दुसरीला त्या जेवलेल्यांनीच वाढलं!"

साहेब गप्प झाले. शहजादीसाठी शेवटी मी जिंकले, असं मला वाटलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे प्रवाशांनीच प्रवाशांना वाढायचं? वा! आपल्याकडे बसवता येईल का हे?"

निघताना मी त्यांना नानांच्या पुढच्या श्राद्धाचं आमंत्रण दिलं. जेवायला नाही, वाढायला.

शहजादी अजून घरीच आहे. मी अजून भांडते आहे. आणि चुडामणकाका दर भेटीत मोठ्या आशेने विचारतात, "मंग पोरी, मन्हा फोनमुळे बढती भेटनी का?"