एक, तीन, चार, दोन

आमच्या सोसायटीतल्या बहुतेक पुरुषांच्या शर्टाच्या वरच्या खिशात पेन असायचं. काशिनाथ धुरींच्या खिशात स्पार्क प्लग असायचा. इंजिनात पेट्रोलला ठिणगी देणारा, बोटभर लांबीचा, चिनी मातीचा आणि लोखंडाचा तो तुकडा लग्नात, बारशात, एवढंच काय, तळमजल्यावरचे जोशी गेले तेव्हा स्मशानातसुद्धा त्यांच्या खिशात होता. जोशींच्या मुलाच्या हातातली काडी तीनदा विझली. तेव्हा धुरीमामांनी खिशावर हात ठेवून इतक्या गंभीरपणे माझ्याकडे बघितलं की मला हसू आवरेना. जोशींचा मुलगा नेमका माझ्याकडेच बघत होता. पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. मामांशी मात्र बोलायचा.

मामा माणसंही प्लगावरूनच ओळखायचे. त्यांच्या मते जगात चार जातींचे प्लग. "काळो, म्हणजे पेट्रोल भरपूर खाता, पण जळना नाय. पांढरो, म्हणजे उगाच तापता. चायच्या रंगाचो, तो खरो. आणि ओलो."

"ओला म्हणजे कसा?" मी एकदा विचारलं.

"पेट्रोल येता, सगळा येता. ठिणगीच पडना नाय," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासारखो."

हे मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "बघा, लोकांना किती लवकर कळतं."

मामा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. सगळी नोकरी कोकणात, एकाच पेट्रोल जीपवर. ते रिटायर झाले आणि त्याच सुमाराला जीपही लिलावात निघाली. मामांनी ती घेतली, मालवणहून चालवत अंधेरीला आणली आणि आमच्या आवारात बदामाच्या झाडाखाली उभी केली. ती तिथेच राहिली. पुढची तीन-चार वर्षं ती कुठेही गेली नाही. पण दर रविवारी सकाळी मामा बॉनेट उघडायचे, चारही प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, परत बसवायचे, जुन्या फडक्याने डावी सीट पुसायचे आणि वर जायचे. उजवी सीट, म्हणजे स्वतःची, कधी पुसायचे नाहीत.

जीप चालवत का नाहीत, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "चालवून जावचा खय? आणि कोणाक घेवन?"

घरात तर मामी होत्या. पण मामी त्या जीपमध्ये कधीच बसल्या नव्हत्या. आम्ही समजायचो की घाबरतात.

मग आमचे अध्यक्ष प्रधानसाहेब यांनी नवी मोटार नोंदवली, आणि बदामाखालची जागा सार्वजनिक असल्याचा साक्षात्कार त्यांना झाला. मीटिंग भरली. "न चालणारी वाहने" या विषयावर अर्धा तास चर्चा झाली. असलं वाहन एकच होतं आणि त्याचा मालक समोर बसला होता, तरी सगळे बहुवचनात बोलत होते. शेवटी मामाच उठले. "येत्या रविवारी अकरा वाजेपर्यंत गाडी आपल्या पायान गेटाभायर गेली नाय, तर भंगारात घाला. माझो शब्द."

मीटिंगने शब्द लिहून घेतला. खाली सेक्रेटरीची सही झाली. सेक्रेटरी मी. हे पद मला कसं मिळालं म्हणाल, तर निवडणुकीच्या दिवशी मी संडासात होतो.

शनिवारी, अपराधी मन हलकं करायला म्हणून, मी मामांबरोबर साकीनाक्याला गेलो. त्यांना चार नवे प्लग आणि प्लगच्या वायरींचा नवा संच हवा होता. मामांनी दुकानदाराचे तेरा प्लग उजेडात धरून बघितले आणि त्यातले चार निवडले. माझ्या मोठ्या मुलीसाठी आम्ही स्थळंसुद्धा इतकी निरखली नव्हती.

परत येताना बसस्टॉपवर मी विचारलं, "मामा, खरं सांगा. एवढा खटाटोप कशासाठी?"

त्यांनी पिशवीतले प्लग एकदा मोजले. मग म्हणाले, "सरकारी गाडयेत घरच्या माणसाक बसवूचा नाय, असो नियम होतो. सायबांचे बायलो बाजाराक नेलंय, देवळात नेलंय, माहेराक नेलंय. माझी बायल चलत. एकदा मे महिन्यात दुपारी ती डोक्यार भारो घेवन रस्त्यान चलली होती. मी मागसून इलंय. बाजूक सायब." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "हॉर्न वाजवलंय मी. ती बाजूक झाली. सगळो धुरळो तिच्या अंगार. मी थांबलंय नाय."

"मग?"

"मग काय? घराक गेलंय तर भाकरी वाढल्यान. काय्येक बोलली नाय. गाडी घेतलंय तेव्हा म्हटलंय, चल, आता बस. तर म्हणता कशी, माका चलूची सवय आसा."

बस आली. बसमध्ये बसल्यावर ते पुढे म्हणाले, "पण मीटिंगीच्या राती बोलली, गाडी लागली, चालू झाली, तर बसतंय. खारदांड्यार समुद्र बघूक जाऊया." आणि कधी नव्हे ते हसले. बाविशीतल्या नवऱ्या मुलासारखे.

रविवारी आठ वाजता आम्ही बॉनेट उघडलं. 'आम्ही' म्हणायचं एवढंच; मी हत्यारं धरून उभा होतो. मामांनी नव्या प्लगांच्या टोकांमधली फट पातळ पत्र्याने मोजली, एकेक प्लग आधी हाताने आणि मग पान्याने आवळला. मग वायरींकडे वळले. एका काळ्या टोपीतून चार वायरी निघून चार प्लगांवर जातात.

"एक जुनी काढूची, तिच्याच जाग्यार नवी घालूची. मगे दुसरी. कळला?"

"कळलं."

पहिली वायर त्यांनी बदलली, तेवढ्यात वरून मामींची हाक आली. "अहो! हिरवा लुगडा नेसू की जांभळा?"

मामांच्या हातातून फडकं पडलं. "इलंय," म्हणत ते जिन्याकडे जवळजवळ धावले. दहा मिनिटं लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या बायकोने मला असला प्रश्न कधी विचारला नाही. मला वाटलं, आपणही या आनंदाला हातभार लावावा.

मी उरलेल्या तिन्ही वायरी एकदम उपटल्या.

मी ऑफिसात रेकॉर्ड सेक्शनला आहे. जन्मभर फायली लावल्या. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, तीनानंतर चार. त्याच हिशेबाने टोपीवर ओळीने पुढे जात मी नव्या वायरी घातल्या. छान दिसत होतं. इंजिनाला मात्र हा क्रम मान्य नसतो. त्यात ठिणगी पडते ती पहिल्या प्लगनंतर तिसऱ्यात, मग चौथ्यात आणि शेवटी दुसऱ्यात. हे मला नंतर कळलं. माझ्या बाबतीत बहुतेक गोष्टी नंतरच कळतात.

मामा खाली आले. चेहऱ्यावर हिरवा रंग ठरल्याचं समाधान. "झाला?"

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी बघितलंसुद्धा नाही. विश्वास ठेवला.

साडेदहाला सगळी सोसायटी जमली. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाबाहेर येऊन थांबला होता. प्रधानसाहेबांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मामांनी स्टार्टर मारला. जीप खोकली, थरथरली. पुन्हा मारला. पुन्हा. पेट्रोलचा वास सुटला. पाचव्या वेळी 'धाड' असा आवाज झाला आणि इंजिनातून हातभर भडका वर आला. बायका किंचाळल्या. मामांनी ओलं गोणपाट टाकून क्षणात आग विझवली.

"बस्स!" प्रधान ओरडले. "आवारात मुलं खेळतात! कोणी जोडल्या या वायरी?"

अकराला अजून वीस मिनिटं कमी होती. मी सेक्रेटरी होतो, मराठी बोलता येत होतं, घसाही ठीक होता. मी बुटांकडे बघत राहिलो.

"मी जोडलंय," मामा म्हणाले.

"झालं ना मग? आता पुन्हा चावी फिरवायची नाही. सेक्रेटरी, बरोबर ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कोणत्या दिशेने, ते लिहायला मला आजही लाज वाटते.

 मामा बॉनेटखाली वाकले. मी जवळ गेलो तर ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते, "एक, तीन, चार, दोन," आणि माझ्या सुबक वायरी काढून एकेक जागच्या जागी लावत होते. मग प्लग काढले. चारही ओले. ते सदऱ्याच्या टोकाने पुसून परत बसवले, आणि खिशातला प्लगही काढून हत्यारांच्या डब्यात टाकला.

"मामा, आता कशाला? भंगारातच चालली आहे."

"भंगारात गेली तरी चुकीच्यो वायरी घेवन जाता नये," ते म्हणाले.

टेम्पोला दोरी बांधली. ओढून न्यायच्या गाडीच्या स्टिअरिंगवर माणूस लागतो, म्हणून मामा चढून बसले. तेवढ्यात जिन्यावर मामी दिसल्या. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. गुडघे दुखत होते म्हणून एकेक पायरी दोन पायांनी उतरत होत्या. गर्दी बाजूला झाली. कोणाकडे न बघता त्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या.

"अगो, खय चललंस?" मामा म्हणाले. "लागली नाय ती."

"माका दिसता. चला."

दोघं दोरीच्या मागून फाटकाबाहेर गेली. कोणी हसलं नाही. प्रधानसाहेब लगेच जागा मोजू लागले.

संध्याकाळी ती दोघं बसने परतली. मी बराच वेळ जिन्यात घुटमळून शेवटी त्यांच्या दाराशी गेलो. मामा तांब्याने हात धूत होते. खिसा रिकामा होता, आणि तो माणूस मला एकदम म्हातारा वाटला.

"मामा, त्या वायरी..."

"गप रव. आग विझवलंय तेव्हाच दिसला माका." टॉवेलला हात पुसत ते म्हणाले, "ओलो प्लग वायट नसता रे. सुकाक येळ लागता, इतक्याच. आज येळ नाय होतो." आणि आत मोरीत गेले. पाण्याचा आवाज सुरू झाला.

मामी दाराशी आल्या. अबोली अजून केसांत होती.

"मरोळचो उतार आसा मा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "थय गाडी लागली."

"काय? चालू झाली?"

"ह्यांनी चावी फिरवल्यानी नि पायान कायतरी केल्यानी. गदागदा हलली नि लागली. पार साकीनाक्यापर्यंत आपली आपण चलली. थय पोचल्यार ह्यांनीच चावी बंद केल्यानी नि त्या भंगारवाल्याच्या हातात दिल्यानी."

"मग परत का नाही आणली? चालत होती तर..."

"शब्द दिल्लो ना." मोरीकडे बघत त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "माका कळला ह्यां तेंका सांगा नको हां. माका वायट वाटात म्हणान वाटभर सांगा होते, टेम्पो ओढता, टेम्पो ओढता. मी हूं म्हटलंय. पण पुढली दोरी सगळी रस्त्यार लोळा होती रे. दोरी लोळता तेव्हा कोण कोणाक ओढता, ता माका कळना नाय?"