कडी नसलेलं दार

आमच्या शेजारच्या सुमनअक्कांच्या दाराला कडी नाही. बाहेरून नाही, आतूनही नाही. एकदा अक्का बसने जळगावला गेल्या आणि गाईने त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून अर्धं पीठ फस्त केलं. तेव्हा मी त्यांना कडी-कुलूप आणून दिलं. त्या कुलपाने अक्का गच्चीवरच्या वाळवणाचा कपडा दाबून ठेवतात.

"अक्का, चोर येईल हो!"

"येऊ दे. चहा पीसन जाई."

एरंडोलला अंगणवाडीत आयुष्य काढलेल्या या बाईने लग्न केलं नाही, भांडणं मात्र गावभर केली. त्यातलं सगळ्यात जुनं भांडण एका नाटकाशी.

'संगीत कुलाभिमान' आमच्या जत्रेत पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. सासरी मार खाल्लेली चंद्रकला माहेरी येते, अब्रूपायी बाप दार उघडत नाही, ती विहिरीत उडी घेते. चंद्रकला व्हायचे एसटीतले कंडक्टर नाना, मिशी काढून. पडद्यामागे गाद्या रचलेल्या असायच्या. उडी अशी झकास की हमखास वन्समोअर मिळायचा, आणि नाना गाद्यांवरून उठून, पदर सावरून पुन्हा उडी मारायचे.

"बाई दोन डाव मरस, आनि तुम्ही टाळ्या पिटतस!" अक्का दर वर्षी उभ्या राहून ओरडायच्या. परगावच्या लोकांना तोही नाटकाचाच भाग वाटायचा.

यंदा अक्कांनी नाटकच हातात घेतलं. सगळी पात्रं बायका. पदांना चाली गुलाबाईच्या गाण्यांच्या, कोजागिरीपर्यंत पोरी टिपऱ्या वाजवत म्हणतात त्या. विहीर रद्द. "मरानं नही माय, गानं म्हनानं!" हे त्यांचं पालुपद झालं. नानांना पडदा ओढायचं काम मिळालं. बिचारे रिकाम्या गाद्यांकडे बघून उसासे टाकायचे.

चंद्रकला मी. बाप स्वतः अक्का. धोतर, फेटा आणि कापसाची मिशी. मी बंद दाराबाहेर तीन कडव्यांचं गाणं म्हणायचं, तिसऱ्या कडव्याला बापाने दार उघडायचं, मग सगळ्या बायकांचा फेर. तालमीत मी एक कडवं गाळलं, तर अक्कांनी टिपरी उगारली.

"बापले पाझर फुटाले येळ लागस. तू गात ऱ्हाय."

प्रयोग बायकांच्या सोयीने दुपारी ठेवला होता. मंगल कार्यालय गच्च भरलं. मी दारावर थाप मारली आणि पहिली ओळ म्हटली.

दार उघडलं.

पेटीवाली गडबडली. मी दबक्या आवाजात म्हणाले, "अक्का, अजून गाणं आहे!"

"गानं मांगून म्हन." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "पहिले घरमा ये, कुसुम."

लोक खो खो हसले. नानांनी घाईने पडदा ओढला. महिनाभर घोकलेलं गाणं वाया गेलं म्हणून मी चिडले होते, पण अक्का हात सोडेनात. त्या गाद्यांवर बसल्या. मिशी अर्धी सुटली होती.

"कुसुम कोण?" मी विचारलं.

"मनी मोठी बहीन. अशीच भर दुपारले माहेरले उनी व्हती. मी कडीले हात लाया, बापनी मना हात धरी ठेया. ती दार ठोकत ऱ्हायनी. मंग ठोकनं बंद व्हयनं."

कुसुम पाणी भरताना पाय घसरून विहिरीत गेली, एवढंच गावातल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. दाराचं कुणालाच माहीत नव्हतं. नाना पडद्याची दोरी धरून तसेच उभे राहिले.

"अक्का, मी दर वर्सले तुमनासमोर उडी मारत व्हतू..."

"तुले काय ठावं, भाऊ," अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "आते म्हन. राह्यलेलं गानं म्हन."

मी पेटीशिवायच उरलेली कडवी म्हटली. त्यात चंद्रकला बापाला पुन्हा पुन्हा विचारते, मी आत येऊ का? कापसाची मिशी मुठीत धरून अक्का प्रत्येक ओळीला म्हणत होत्या, "ये माय, ये."