डब्यात काय काय नाही

स्वतःच्या घराचं छत गळायला लागलं तेव्हा प्लंबरने वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंना भर जिन्यात नाही नाही ते सुनावलं. वर त्यांच्या मोरीत घुसून नळ पान्याने करकचून पिळून आला. मग कळलं, गळत होता तो त्याच्याच घरातला, त्यानेच छतालगत बसवलेला पाइप. बाईंनी त्याच्या पोरीची शिकवणी बंद केली. परीक्षा तोंडावर आलेली.

"मिठाई घ्या, वर जा आणि माफी मागा," बायकोने फर्मावलं.

तो तणतणत गेला आणि रंगीबेरंगी जेलीचा डबा घेऊन आला. बायकोने डब्यामागचं वाचलं. "अहो, यात जिलेटिन आहे! ते डुकराचंही असतं. बाई मुसलमान आहेत, एवढं तरी ठाऊक आहे ना?"

"मी काय डुक्कर शोधत बसू मिठाईत?"

पण गेला. या खेपेला महागडी चॉकलेटं आणली. बायकोने एक फोडलं, हुंगलं आणि कपाळावर हात मारला. आत रम भरलेली होती.

"माफी मागायला चाललाय की भांडण वाढवायला?"

आता त्याचं डोकं सणकलं. दुकानात जाऊन त्याने काउंटरवर डबा आदळला. "जिलेटिन नको! दारू नको! कुठली चरबी नको! असं काही आहे का तुझ्या दुकानात?"

"बदाम भरलेला खजूर आहे."

"त्यात काय घातलंय?"

"बदाम!" दुकानदारही पेटला. "आणि खजूर झाडाला लागतो हो, साहेब! कारखान्यात नाही!"

डबा काखेत मारून तो धाडधाड जिना चढला. घरून निघताना घोकलेलं वाक्य दुकानातच सांडलं होतं. बाईंनी दार उघडताच त्याने डबा पुढे केला आणि ओरडला, "घ्या! यात जिलेटिन नाही, दारू नाही, चरबी नाही!"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "माफी आहे का?"

प्लंबरने मागे वळून पाहिलं. खालच्या पायरीवर बायको कान देऊन उभी होती.

"आहे," तो पुटपुटला. "चुकलो, बाई."

बाईंनी डबा घेतला, एक खजूर तोंडात टाकला आणि एक त्याच्या हातावर ठेवला. "पोरीला उद्यापासून पाठवा. आणि तुम्ही आत्ताच पाना घेऊन या."

"कशाला?"

"त्या दिवशी तुम्ही पिळून गेलात, तेव्हापासून माझा नळ खरंच गळतोय. तुमच्याच छतावर."