मा. इंग्रिडताई आणि बापू साळोखे

आमच्या गल्लीच्या तोंडावर मार्चमध्ये एक डिजिटल फलक लागला. मधोमध गिटार घेतलेली, पिवळ्या केसांची बाई. खाली ‘मा. इंग्रिडताई यांना पुनरागमनाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि त्याखाली ‘शुभेच्छुक : बापू साळोखे व समस्त गल्ली’. गल्लीला कुणी विचारलं नव्हतं. छापणाऱ्याने मात्र बापूंना विचारलं होतं, “ताई कुठल्या वॉर्डातनं उभ्या हायत?”

“स्वीडनातनं,” बापू म्हणाले.

बापू माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षं साचे घातले. तिथं भट्टी बसवायला एक स्वीडिश इंजिनिअर आला होता. बापूंनी त्याला चार दिवस घरी जेवायला नेलं; जाताना तो त्यांच्या हातात इंग्रिडबाईच्या गाण्यांची एक सीडी ठेवून गेला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि बापूंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

“नुसती गात न्हाई, सर. लिवती बी तीच, चाल बी तीच लावती. सगळं घरचं.”

तिची पुढची सगळी कारकीर्द मी बापूंकडून कुस्तीच्या भाषेत ऐकली. पहिल्या अल्बमनं समोरचे चितपट. दुसरा कुणी विकत घेईना, तेव्हा मी सहज म्हटलं, “पडली म्हणायची.” बापू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, “पाठ लागली न्हाई मातीला.” तिसऱ्या अल्बमला त्यांनी पेढे वाटले.

दीड वर्षापूर्वी बाईच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि गाणं थांबलं. त्याच सुमारास बापूंच्या पत्नीला, सुमनवहिनींना, पक्षाघात झाला. हात-पाय हळूहळू वळणावर आले. वाचा आली नाही. डॉक्टर म्हणाले, “येईल. पण बोलायची गरज वाटली पाहिजे.”

तेव्हापासून बापू सकाळ-संध्याकाळ जुनी गाणी इतक्या मोठ्यांदा लावत की माझ्या फडताळातली भांडी थरथरत. गल्ली वैतागली. “बापू, वहिनींना जरा इसावा द्या की.” बापू आवाज आणखी वाढवत. तक्रार न करणारा मी एकटाच. पत्नी गेल्यापासून माझ्या घरात आवाज असा नव्हताच. भिंतीपलीकडून आलेला चालत होता.

बाई पुन्हा गाणार ती मैफल आपल्याकडे संध्याकाळी सातला दिसणार होती. बापूंनी टीव्हीसमोर अर्धी गल्ली बसवली आणि एक हलगीवाला आणला. वहिनी खुर्चीत, शेजारी मी.

बाई माइकपाशी आली. पहिली ओळ घोगरी निघाली, मध्येच तुटली. ती थांबली. बापूंनी गुडघ्यांवर हात रोवले. “घाई न्हाई,” ते टीव्हीला म्हणाले. “दम घे.”

ती हसली, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सुरू झाली. आवाज जाडसर झाला होता, पण वर चढला, वरच राहिला आणि तिथून ऐटीत खाली उतरला. हलगी कडाडली. पोरं शिट्ट्या मारू लागली, कुणीतरी गुलाल उधळला. बापूंनी आवाज शेवटच्या आकड्यापर्यंत नेला.

“अवो. बास की.”

हलगीत ते कुणाला ऐकू आलं नसतं. मी खेटून बसलो होतो म्हणून मला आलं. बापू पलीकडे नाचत होते, त्यांनाही आलं. त्यांनी टीव्ही बंद केला. हलगीवाल्याचा हात वरच थांबला.

“काय म्हणालीस?”

“बास,” वहिनी सावकाश म्हणाल्या. “कान किटलं.”

माणसं न सांगता उठली. पायरीवर बापू माझ्याजवळ आले. मिशांवर गुलाल होता.

“सर, सीडी आणली त्या दिवसापासनं हिला ती गाणी सोसत न्हाईत. रोज वरडायची, बंद करा म्हणून. डॉक्टर म्हणले, गरज पायजे.” त्यांनी मिशांवरचा गुलाल पुसला. “माझ्याशी बोलायची हिला दुसरी कसली गरज असणार?”

मी घरी येऊन भिंतीजवळच्या खुर्चीत बसलो. पलीकडे वहिनी बोलत होत्या. अडखळत, शब्द शोधत, रागावून. दीड वर्षाचं साठलेलं होतं. मध्ये मध्ये बापूंचा आवाज येई, अगदी हळू.

“व्हय. व्हय.”